उपडं ताट

खोबरेल तेलाच्या वासानं माझी भूक मरते. इतरांना त्या वासानं शाळेच्या वेण्या आठवतात, आजोळ आठवतं. मला उपडं ताट आठवतं. परवा भस्म बुधवारी सकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वाटी, वाटीत तेल, आणि डोक्यावर उरलेल्या चार केसांना ते मन लावून चोपडणं चाललेलं. कडुनिंबाची पिवळी पानं त्यांच्या खांद्यावर पडत होती. मी म्हटलं, "बाबा, केस आहेत कुठे?"

"डोकं तर आहे ना व," ते म्हणाले, आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

मी मुकाट्यानं दोन बोटं बुडवली. चाळिशीची बाई मी, शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, पोरं मला टरकून असतात. पण ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सुरू झाले की या घरात मी अजून सतरा वर्षांचीच असते.

आमच्या घरात उपासकाळ कपाळावरच्या राखेनं सुरू होतो आणि पाठोपाठ तेल येतं. उपास करणाऱ्यानं तोंड पाडून फिरू नये, तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, आपला उपास आपल्यात आणि देवात ठेवावा, अशी आमची शिकवण. ती चर्चच्या सगळ्याच मंडळीला ठाऊक असते. बाबांनी मात्र ती कारखान्यातल्या सेफ्टीच्या नियमासारखी पाळली. एकानंच तेल लावलं तर कळेल की हा उपासाला आहे, म्हणून सगळ्यांनी लावायचं. एकच जण जेवणाच्या वेळी उठून गेला तर कळेल, म्हणून सगळ्यांनी बसायचं. टेबलावर प्रत्येकासमोर ताट उपडं ठेवलेलं असे. प्रार्थना झाली की ज्याला जेवायचं त्यानं आपलं ताट सुलटं करायचं, ज्याचा उपास त्यानं तसंच राहू द्यायचं. दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं नाही. आणि चाळीस दिवस कुणी कुणाला 'जेवलास का?' असं विचारायचं नाही. दोन वेळचं विचारून विचारून जीव काढणारी आमची विदर्भातली माणसं, पण त्या दिवसांत आमच्या क्वार्टरमध्ये हा एक प्रश्न बंद असायचा.

लहानपणी मला हे फार भारी वाटायचं. वर्गातल्या मैत्रिणींच्या घरी उपास म्हणजे गाजावाजा, आणि आमच्याकडे बघा, शेजारी बसलेल्यालाही पत्ता नाही. त्याचा मला केवढा गर्व होता, आता सांगतानाही कानशिलं तापतात.

त्याच बुधवारी संध्याकाळी लिसी आंटींचा फोन आला. आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. मूळच्या केरळच्या, पण भिलाईत चाळीस वर्षं काढल्यामुळे त्यांची हिंदी आता आमच्यासारखीच, ना इकडची ना तिकडची. म्हणाल्या, "बेबी, इस बार शुक्रवार की प्रार्थना में गवाही तुम दोगी. मम्मी के उपवास पर. नई लड़कियों को मालूम होना चाहिए, कैसी औरत थी."

गवाही म्हणजे आपली साक्ष. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघींसमोर उभं राहून सांगायचं. मी "हां आंटी" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून बसले. आईचा उपास ही आमच्या चर्चमधली दंतकथा आहे. आई सहा वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेली तेव्हा पाळकसाहेबांनी कबरीपाशीसुद्धा त्या उपासाचं नाव काढलं होतं. चाळीस दिवस अन्नाचा कण नाही, आणि चेहऱ्यावर तक्रार नाही. बायका आजही मुलींना सांगतात.

आणि तो उपास नव्हताच. आईला अन्न गिळता येत नव्हतं. हे आम्हा घरच्यांना उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी कळलं, आणि चर्चमध्ये कुणी विचारलं नाही, आम्ही कुणाला सांगितलं नाही. आता एक तर मला उभं राहून ती दंतकथा पुन्हा सांगायची होती, नाही तर खरं सांगायचं होतं. आणि खऱ्यात एक गोष्ट अशी होती, जी मी घरातसुद्धा कुणाजवळ बोलले नव्हते.

आई भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली. तिचा भाऊ बाबांच्या बरोबर भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होता, त्यातून ओळख, त्यातून लग्न. दोन्ही घरांत वर्षभर बोलचाल बंद होती, मग मी झाले आणि सुरू झाली. लग्नानंतर ती चर्चला आली ती मनापासून आली, गाणी तर तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ होती. पण उपास म्हटलं की तिचं माहेर जागं व्हायचं. उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, दह्यात कालवलेला बटाटा. पहिल्या वर्षी म्हणे तिनं उपासकाळाच्या पहिल्याच शुक्रवारी हे सगळं रांधून टेबलावर मांडलं. बाबा बघतच राहिले.

"हे काय व?"

"उपासाचं," आई म्हणाली.

बाबांची मोठी बहीण, माझी मार्था आत्या, तेव्हा आमच्याच क्वार्टरच्या रांगेत राहायची. शाळेत पोरं सांभाळणारी दाई होती, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, आणि कुणाचं काय चुकतं ते तिला पाठीमागूनही दिसायचं. तिनं हा किस्सा अख्ख्या मंडळीत पसरवला. पुढे अठरा वर्षं दर उपासकाळात तिचं एकच. "वहिनी, तुमचा उपास म्हणजे आमची दिवाळी!" सगळ्या बायका हसायच्या. आईही हसायची. आणि आत्या घरी आली की तीच उसळ दोनदा घ्यायची, वरून लिंबू मागायची.

आई एकदा मला म्हणाली होती, "मले उपाशीपोटी प्रार्थना सुचतच नाही व. डोळे मिटले का भाकरच दिसते." मी तेव्हा आठवीत होते. मला तिची लाज वाटली. ही गोष्ट आता लिहिताना मी पेन खाली ठेवलं.

मी सांगते आहे तो उपासकाळ माझ्या बारावीचा. छत्तीसगड राज्य नवंनवं झालेलं, तीनेक वर्षं झाली असतील. आम्ही अजून कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्येच होतो. कुरुदचं हे आताचं घर तेव्हा म्हणजे चार खुंट्या आणि एक बोअर. मार्च म्हणजे भिलाईत उन्हाळ्यानं दार ढकलायला सुरुवात केलेली असते. सकाळी सायकलनं ट्यूशनला जाताना आंब्याच्या मोहोराचा वास, परतताना डांबराचा. क्वार्टरच्या मागं शिरीषाच्या वाळक्या शेंगा दिवसभर खुळखुळायच्या. जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या बाजूनं वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राखाडी धूळ बसायची, आणि आई ती झटकताना खोकायची. ती त्या वर्षी जास्त खोकत होती. मला खोकला ऐकू यायचा, कारण त्यानं माझ्या अभ्यासात व्यत्यय यायचा. दुसरं काही माझ्या मनातही आलं नाही.

मी त्या वर्षी देवभक्त झाले होते. जानेवारीत तरुण मुलामुलींच्या शिबिराला गेले, तिथून एक वही घेऊन आले. रोज काय सोडलं, किती वेळ प्रार्थना केली, मनात कोणते वाईट विचार आले, ते त्यात लिहायचं. आत्मिक वाढ म्हणायचे त्याला. मी रोज दुपारचं जेवण सोडलं होतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यात खरंच काही तरी होतं. रिकाम्या पोटी दुपारी पुस्तकातून डोकं वर काढलं की बाहेरचं ऊन वेगळंच दिसायचं. एक स्वच्छ शांतता यायची, आणि त्या शांततेत कुणीतरी आपल्याशेजारी येऊन बसलंय असं वाटायचं. ते खोटं नव्हतं, आजही नाही म्हणणार मी. पण माझ्या वहीचं पान रोज 'मी'नं सुरू व्हायचं आणि 'मी'नंच संपायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की यंदा घरात साबुदाणा भिजलाच नाही. आई पातेली टेबलावर मांडून प्रार्थनेला बसायची आणि तिचं ताट उपडंच राहायचं. दुपारीही, रात्रीही. बघायचं नाही असा नियम होता, तरी मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बाबांनीही बघितलं असणार. कुणी काही बोललं नाही. नियमच तसा होता, आणि नियम पाळल्याचं समाधानही होतं. ती दोन घोट चहा घ्यायची, डाळीचं वरचं पाणी वाटीतून प्यायची, एवढं मी पुढं आठवून आठवून काढलं. तेव्हा मला फक्त उपडं ताट दिसलं आणि अंगावर काटा आला. माझी आई! साबुदाण्याची उसळ करणारी!

तिचे ब्लाउज सैल झाले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. चर्चमध्ये पहिल्यांदा लिसी आंटींच्या लक्षात आलं. उपासना सुटल्यावर त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "देखो, इसको बोलते हैं उपवास. चुपचाप." आणि मार्था आत्या, जिनं अठरा वर्षं दिवाळी-दिवाळी केलं होतं, ती आईच्या पाया पडायला वाकली. आई एकदम मागं सरली. "अवो बाई, काय करून राहिल्या," म्हणाली. पण तिचा चेहरा मी बघितला. लग्न होऊन आल्यापासून त्या बाकांवर तिच्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

घरी येताना बाबांच्या स्कूटरवर मी तिच्या मागं बसले होते. मी तिच्या पाठीवर गाल टेकला. हाडं लागली. मला ती हाडं पवित्र वाटली. हे वाक्य मी त्या वहीतही लिहिलं होतं, असंच्या असं.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार झाला. माझे दोन पेपर राहिले होते. मग उत्तम शुक्रवार आला. बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना, पंखे गरम हवा फिरवत होते, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत. तिसरं गाणं चालू होतं. आईचा आवाज माझ्या उजव्या कानाला सवयीचा होता, तो थांबला, म्हणून मी वळले. ती बाकावर बसत होती असं मला वाटलं. ती बसत नव्हती. तिचं डोकं पुढच्या बाकावर आपटलं तो आवाज गाण्याहून मोठा होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तिची घडी तशीच राहिली. जीभ बघितली. मग बाबांना विचारलं, "कितने दिन से खाना नहीं खाया इन्होंने?"

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं माझ्याकडे. मी बाबांकडे.

"उपवास चल रहा था, डॉक्टर साहब," बाबा म्हणाले.

"कितने दिन?"

"मालूम नहीं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. नुसतं नवल वाटल्यासारखं त्यांनी विचारलं, "एक ही घर में रहते हैं ना आप लोग?"

तो प्रश्न मी इतक्या वर्षांत कितीदा ऐकला असेन. वर्गात फळ्यावर लिहिताना ऐकलाय, सिविक सेंटरला भाजी घेताना ऐकलाय. आम्ही तिघं डोक्याला तेल लावून, तोंडं धुवून, पांढऱ्या कपड्यांत तिथं उभे होतो आणि आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं की आमच्या घरातली बाई शेवटची कधी जेवली. मी गणितात पहिली येणारी मुलगी. मी समोरची तीन ताटं मोजली नव्हती.

तेवढ्यात आई बोलली. डोळे मिटलेलेच होते. "मैंने ही नहीं बताया," म्हणाली. "इनको कुछ मत बोलो."

अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नव्हतं तिचं. हिवाळ्यापासूनच घास अडकत होता म्हणे. कोरडा घास तर गेलाच नाही, मग भातही जाईना, मग डाळही परत यायची. गाठ-बिठ नव्हती, एवढी कृपा. नागपूरला नेऊन ऑपरेशन झालं. त्यानंतर ती सतरा वर्षं जगली, लहान लहान घास घेत, प्रत्येक घासावर पाण्याचा घोट घेत. माझे पुढचे दोन पेपर कसे गेले ते मला आठवत नाही. ईस्टरच्या सकाळी चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून तिच्या नाकातल्या नळीकडे बघत होते.

पुढच्या भस्म बुधवारी बाबांनी नेहमीसारखं तेल आणलं, आणि मला ओरडावंसं वाटलं. पण आईनंच वाटी पुढं केली आणि सगळ्यांच्या डोक्याला लावलं. स्वतःचं ताट मात्र तिनं सुलटं ठेवलं, पहिल्या दिवसापासून. बाबा त्या वर्षीपासून तिच्या ताटाकडे बघायला लागले, तोंडानं मात्र काहीच विचारत नव्हते. पण घास अडकला की काय यावर त्यांची नजर असायची. मी एकदा तिला विचारलं, "आई, तुला त्रास होत होता तर बोलली का नाहीस?" तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, "काय सांगू व. पयले वाटलं, पित्त असन. मंग सगळे चांगलं चांगलं बोलाले लागले. आत्याबाई पाया पडाले वाकल्या. मले वाटलं, ईस्टरवरी होऊन जाईन बरं. तवरी राहू दे." एवढंच सांगितलं. माझं नाव त्यात नव्हतं. मी वाट बघत होते, पण नव्हतं.

ते आता सांगते. झावळ्यांच्या रविवारनंतरचा मंगळवार. दुपारचे दोन-अडीच. बाबा ड्यूटीवर. मी पलंगावर भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले होते. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली, चौकटीला पाठ लावून. मग म्हणाली, "बेबी, मले थोडी पेज करून देतं का व? पातळ. मीठ टाकून. नाही होऊन राहिलं आता माझ्याच्यानं."

मी पुस्तक मिटलं नाही. मी म्हटलं, "आई, चारच दिवस राहिले. आता सोडशील तर सगळं फुकट. आत्या काय म्हणेल? परत तेच सुरू करेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती स्वतः उठून करू शकली असती, तांदूळ डब्यात होते, गॅस होता. पण तिनं मला विचारलं होतं. ती "बरं" म्हणाली. चौकट धरून उठली आणि बाहेर वाळलेले कपडे काढायला गेली. मी वही उघडली आणि लिहिलं की आज देवानं मला आईचा विश्वास बळकट करायला वापरलं.

मी ती वही जाळली, पण पुष्कळ उशिरा. आणि त्या दिवशी डॉक्टरांसमोर आई "मैंने ही नहीं बताया" म्हणाली, तेव्हा ते खरं नव्हतं. तिनं सांगितलं होतं. एकीला.

शुक्रवारी मी बाबांना स्कूटीवर मागं बसवून निघाले. महिलांच्या प्रार्थनेत त्यांचं काय काम, पण त्यांना चर्चच्या ओट्यावर कडुनिंबाखाली बसायला आवडतं. हॉलमध्ये सतरंजीवर तीस-चाळीस बायका होत्या. पुढं खुर्चीवर मार्था आत्या, आता नव्वदीला टेकलेली, कान गेलेले, नजर मात्र तशीच. नव्या मुली मोबाईल बाजूला ठेवून बसल्या होत्या. लिसी आंटींनी आईचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी उभी राहिले. रात्रभर, नव्हे, दोन दिवस मी दोन्ही साक्षी मनात तयार केल्या होत्या. पहिली छान होती. पाच मिनिटांत संपली असती आणि बायकांनी डोळे पुसले असते.

"मेरी मम्मी का उपवास नहीं था," मी म्हणाले. "वो बीमार थी. हम लोगों ने देखा नहीं."

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. हिंदीत चाललं होतं, पण पेजेपाशी आले तेव्हा हिंदी सुचेना. आईचं वाक्य मी मराठीतच म्हटलं, तिच्या बोलीत, 'मले थोडी पेज करून देतं का व?' मग माझं उत्तरही मी पूर्ण सांगितलं. मी खाली बसले. कुणी 'आमेन' म्हणालं नाही. लिसी आंटींनी पदर तोंडाशी धरला होता, आणि एक कोवळी पोरगी माझ्याकडे असं बघत होती, जणू मी तिच्या डोळ्यांदेखत काही फोडलं होतं. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात, काहीही.

आत्यानं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून विचारलं, काय म्हणाली? त्या बाईनं तिच्या कानाशी वाकून बराच वेळ सांगितलं. आत्या ऐकत राहिली. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "उसळ लय चांगली करत होती ती. मी दोनदा घेत होती." आणि तोंड वेडंवाकडं करून रडायला लागली.

बाहेर आले तर बाबा ओट्यावर नव्हते. खिडकीखाली उभे होते, भिंतीला हात लावून. खिडकी उघडीच होती. मी स्कूटी काढली. कुरुदपर्यंत ते स्कूटीवर गप्प बसले. एरवी प्रत्येक स्पीडब्रेकरवर त्यांची सूचना असते.

घरी आल्यावर मी कपडे बदलून आले तर स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज. बाबा गॅसपाशी उभे. जन्मात कधी चहाही केला नाही या माणसानं. पातेल्यात तांदूळ रटरटत होते, पाणी गॅसवर सांडलं होतं, बाजूला मिठाची बरणी उघडी. मी म्हटलं, "बाबा, काय करून राहिले? माझा उपास आहे आज."

ते वळले नाहीत. "तुझ्या आईनं मले सांगितलं होतं," म्हणाले.

"काय?"

"पेजीचं. तवाच, नागपूरच्या दवाखान्यात. नळी काढली अन् पयले हेच बोलली."

मी दाराची चौकट धरली. तेवीस वर्षं. तेवीस वर्षं हा माणूस दर उपासकाळात टेबलापाशी माझ्यासमोर बसला, मला तेलाची वाटी दिली, माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली.

"मग तुम्ही कधी बोलले कावून नाही?"

"तिनं हात जोडले होते व. म्हणे, पोरीले कळू देऊ नका का मी तुमाले सांगितलं. लहान आहे, तिले जन्मभर लागून राहीन." बाबांनी गॅस बंद केला. "मी म्हटलं, ठीक आहे. अन् मले तोंड तरी कुठं होतं बोलाले. ताटाकडं नाही पाहाचं, हे तर मीच शिकवलं होतं तुमाले."

टेबलावर आमची दोन ताटं उपडी होती. बाबांनी माझं ताट आपल्या हातानं सुलटं केलं, त्यात वाटी ठेवली आणि पेज ओतली. थोडी ताटात सांडली. मग ते समोर बसले आणि मी खाते की नाही ते सरळ माझ्याकडे बघत राहिले.

पेज खारट झाली होती, तांदूळ खाली लागल्याचा वासही होता. पहिला घोट घशात अडकला. दुसरा गेला. बाबांच्या डोक्याच्या तेलाचा वास वाफेत मिसळून येत होता आणि मी पीत होते. वाटी तळाला लागली.

"अजून देऊ का व?" बाबांनी विचारलं.

त्या टेबलावर, उपासाच्या दिवसांत, असं कुणी कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी वाटी पुढं केली.